हातचा तास

चिलोए बेटावरचा लिसांद्रो
गृहपाठाला म्हणायचा, "तुमचं काम, बाई."
खोटं नव्हतं. तपासायचे मीच, लाल शाईने,
तो फक्त आकडा बघायचा, दहापैकी तीन.

मग एदुविना मावशीने त्याला विचारलं,
"उद्या पाणी कधी उतरेल रे?
शिंपले काढायला जायचंय."
त्याने पावणेसहात पन्नास मिनिटं मिळवली,
हातचा तास विसरला.

मावशी पोचली तेव्हा खडक पाण्याखाली.
तासभर उभी राहिली,
अंधारात, वाऱ्यात, रिकामी बादली घेऊन.
घरी आल्यावर ओला स्कर्ट पिळत म्हणाली,
"चहा टाक."
एवढंच.

त्याच हातच्यासाठी
मी वर्षभर घसा कोरडा केला होता!

दुसऱ्या दिवशी शाळेची शेगडी पेटायच्या आत
तो दारात.
"कुठे चुकलं ते सांगू नका.
बसू द्या फक्त."

मी लाकडं सारत राहिले.
खोडरबराचा आवाज, मग पेन्सिलीचा,
पुन्हा खोडरबराचा.

जाताना वही टेबलावर ठेवली नाही त्याने,
काखेतच धरली.
मला ओझरतं दिसलं: शनिवार, सव्वाआठ.

लाल पेन हातात घेतलं होतं मी.
ठेवून दिलं.
शनिवारी समुद्रच तपासणार होता.