पांढरी सहा

वेणू येमूल मांडीवर कॅसिओ घेऊन बसतो,
चेहरा बँकेच्या रांगेतला.
एक वाक्य, एक कॉर्ड. एक वाक्य, एक कॉर्ड.

"माझा बाप चादरी विणायचा."
सा ग प.
"अशी चादर, की वीस वर्षं फाटायची नाही."
ध सा ग.
"मालक म्हणायचा, अंबादास, तुझ्यासारखा कारागीर नाही."
म ध सा.
"आता गिरणी का बंद पडली, ठाऊकाय?
गिऱ्हाईक परत आलंच नाही!"

स्मृती मंदिरातल्या खुर्च्या करकरल्या.
माझ्या शेजारचे इरण्णा माळगे गुडघ्यावर थाप मारत,
डोळे पुसत म्हणाले, "खरंच की वो हे, आमच्याकडं अजून हाय एक."

त्या हशाखाली वेणूचा हात हलला होता.
चौथी कॉर्ड त्यानं वाजवली होती.
मी हात पाहिला. ऐकू मलाही काही आलं नाही.

रात्री फोनवर टिपलेलं अकरा वेळा ऐकलं.
हशा, शिट्टी, कुणाचा तरी खोकला,
आणि तळाशी काहीतरी, पिठाखाली राहिलेल्या दाण्यासारखं.
प नि रे असणार, म्हटलं. सगळे तेच वाजवतात.
मीच मुलांना शिकवते बावीस वर्षं:
प नि रे म्हणजे उंबऱ्यावर उभं राहणं,
पुढची पायरी सा, म्हणजे घर.

सोमवारी शांतवनकडून किल्ली घेतली.
रेल्वे लाइन्समधलं चर्च, दुपारचे दोन,
बाकांना हात लावला तर चटका.
पियानोवरची चादर काढली, घडी करून बाजूला ठेवली.
हा पियानो उन्हानं अर्धा स्वर उतरलाय.
पुण्याहून माणूस येणार, असं चौथं वर्ष चालू आहे.
म्हणून वेणूची पांढरी एक
माझ्याकडे काळी एक.
सगळं एक घर सरकवून शोधायचं.

प नि रे लावून पाहिलं. हशा तसाच राहिला, वेगळा,
तेल आणि पाण्यासारखा.
रे म ध. नाही.
सा ग प, सरळ घर. तेही नाही.
मग कंटाळून
हात होता तिथंच ठेवला, म ध सा वर,
आणि मधलं बोट नुसतं घसरलं.

हीच.

तो कुठं गेलाच नव्हता.
मालकाच्या शाबासकीवर बसून होता,
फक्त मधलं बोट अर्धा स्वर खाली. कोमल धैवत.
त्याच्या कॅसिओवर पांढऱ्यावरून काळ्यावर,
माझ्याकडे उलटं:
काळी पाचवरून पांढरी सहावर.
पण विनोद तर संपला होता तोवर.
हे मग कुणासाठी वाजवलं?

"कुठलं गीत, मॅडम?" शांतवन दारातून.
गीत नाही म्हटलं, विनोद आहे.
सांगितला त्याला, वाक्याला कॉर्ड, तसाच, न हसता.
तो हसला. चांगला हसला.
पण एकट्या माणसाचं हसू केवढंसं,
त्यातून चौथी कॉर्ड स्वच्छ ऐकू आली.
तो अर्ध्यात थांबला.
"ते शेवटचं परत वाजवा."
वाजवलं.
"त्याचा बाप आहे का अजून?"
माहीत नाही, म्हटलं. विचारायला हवं होतं.

मग काही बोलायचं राहिलं नाही.
त्यानं चादर उचलली, दारात नेऊन झटकली,
एक टोक माझ्या हातात दिलं.
कोपऱ्यातला गिरणीचा शिक्का निम्मा पुसलेला,
दोन अक्षरं लागतात, तिसरं नाही.
पांढरी सहा अजून थोडी खालीच होती, ती नेहमी अडकते.
नखानं वर घेतली
आणि पांघरूण घातलं.