खड्डा वेगळा

घराची किंमत तोंडपाठ होती आमची.
उद्यमबागच्या लेथवर नवऱ्याची अठरा वर्षं,
माझ्या शिलाई मशीनची अकरा,
सोसायटीचं कर्ज.
बेरीज जेमतेम तिथवर पोचायची
आणि पोचून दम टाकायची.

मग रवळू एजंट म्हणाला, "वैनी, हे झालं घर.
घेणं वेगळं."

स्टँप वेगळा. नोंदणी वेगळी.
स्टँपाला सेस, सेसला सरचार्ज,
मानकऱ्याच्या मागून पंगतीत शिरणारी माणसं,
आपण बोलावलेली नसतात,
पान मांडावंच लागतं.
बोजा नसल्याचा दाखला, वकिलाचं मत, खाता बदल,
जुनी थकलेली घरपट्टी
("ती त्यांची," मी म्हटलं. "अर्धी," रवळू म्हणाला),
आणि रवळूचे दोन टक्के, सगळ्यात शेवटी,
जाता जाता चप्पल घालताना.

मी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहीत गेले.
पत्रिका भरली. पाकीट उसवलं.

खरेदीखत कन्नडमध्ये.
मला बसची पाटी वाचता येते, खानापूर, निपाणी.
अख्खं घर नाही वाचता येत.
बाँड रायटरची पोरगी, सुवर्णा हडपद,
ओळीखाली बोट फिरवत मराठीत सांगत गेली:
पूर्वेला गल्ली, पश्चिमेला गटार,
दक्षिणेची भिंत सामाईक.
वाचायचे किती, विचारलं.
"त्याला रेट न्हाई. चहा सांगा."
यादीत चहा लिहिला.
तेवढ्याच आकड्यावर घासाघीस झाली नाही.

ताबा घ्यायला खासबागला गेलो
तर मधल्या खोलीत, जमिनीत, मांडीभर खड्डा.
बघायला आलो होतो तेव्हा त्यावर कॉट होती.
इराप्पा ढवळी काठावर बसलेले, पाय आत.
माग विकून वर्ष झालेलं, पावड्याही गेलेल्या,
तरी पाय एक खाली, एक वर.

"दोन ट्रॉली मुरुम लागतंय," ते म्हणाले,
"आणि गवंडी. ते आमच्याकडं लावा.
खड्डा आमचा हाय."

रवळू खोकला.
नवरा खिशात पेन चाचपडू लागला.
एवढ्या दिवसांत पहिल्यांदा
कुणीतरी स्वतःहून काही अंगावर घेत होतं.
मी पाकिटाच्या उरलेल्या कोपऱ्यात लिहिलं: खड्डा.

पुढचा आकडा अजून घातलेला नाही.
दिवाळी होऊन गेली.
त्यावर आता आमची कॉट आहे.