वाटे

दुर्बिणीच्या काचा पुसणं हे माझं काम.
सकाळी दव, दुपारी सहलीच्या पोरांची चिकट बोटं,
आणि ओढ्यापलीकडे तो कातळ,
उत्तरेकडे तोंड करून बसलेला
रुसल्यासारखा.
ऊन त्याच्यावर चारनंतर येतं, तेही तिरकं,
तेही तासभर.
आधी आलात तर नुसता दगड दिसेल
आणि तुम्ही माझ्याकडे असं बघाल
जणू देवमासे मीच कुठे दडवलेत.

म्हातारा साडेतीनलाच आला.
मेंग चिल-सोंग. चिल-सोंग म्हणजे सात तारे,
त्यानंच सांगितलं. आईनं ताऱ्यांकडे मागून घेतलेला.
जांगसेंगपोच्या धक्क्यावर एकोणीस वर्षं
देवमासे फाडले.
मग बंदी आली.
मग कारखान्याच्या फाटकावर रात्रपाळी,
मग गुडघे.

ऊन उतरेपर्यंत मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं:
हजारो वर्षांपूर्वी, दगडानंच दगडावर ठोकून ठोकून,
हरणं, जाळ्यात सापडलेला वाघ, तीन कासवं,
होडीत दाटीनं बसलेली माणसं,
आणि वर हात उचलून उभा असलेला एक उघडावाघडा,
नाचतोय की कुणाला हाक मारतोय
ठाऊक नाही.
ह्या देवमाशाच्या अंगावर रेघा आहेत.
अभ्यासकांच्या मते कदाचित एखादा विधी, कदाचित…

थांब पोरी, तो म्हणाला.

डोळा काचेला तसाच चिकटलेला,
आणि उजवा हात हवेत उठला.
मूठ वळली, कसल्याशा लांब दांड्यावर,
आणि मानेकडून शेपटीकडे सरकली,
मग आडवी,
मग पोटाखालून, मनगट जरा फिरवून.
हा वाटा होडीवाल्याचा.
हा पहिला भाला ज्याचा लागला त्याचा.
हा बारका, ज्यांचे घरी परतले नाहीत त्यांच्या बायकांचा.
आधी आखायचं, मग कापायचं.
नाहीतर मारामाऱ्या होतात.

मी पुढे काय म्हणायचं ते विसरले.
घाईघाईनं दुर्बीण डावीकडे वळवली, जरा वर:
आणि ही आई. पाठीवर पिल्लू.

तो बराच वेळ बोलला नाही.
ओढ्यात एक बगळा पाय बदलून उभा राहिला.
आम्ही, तो म्हणाला, पिल्लू आधी…
आई मग लांब जात नाही.
फिरत राहते. तिथल्या तिथे.

आणि मग, अगदी हळू,
ह्यानं बघ, ह्या दोघांवर भाला नाही काढलेला.

चार वर्षं मी हा कातळ रोज बघते.
त्याला बाजूला करून पुन्हा पाहिलं.
खरंच नाही.

धरणाचं पाणी चढलं की हे सगळं बुडतं, मी सांगितलं.
महिनोन्‌महिने. दगड झिजतो. लोक हळहळतात,
वर्तमानपत्रात येतं.
(माझ्या आजोबांचं गावही त्याच पाण्याखाली आहे.
ते वर्तमानपत्रात येत नाही.)
तो हसला, दात नसलेल्या बाजूनं.
देवमासे पाण्यात गेले म्हणून रडता?
मग स्वतःच गप्प झाला.
झिजतो म्हणालीस?
हो, म्हटलं. दर वर्षी थोडा.

ऊन कातळाच्या कडेवर गेलं.
प्राणी एकेक करून दगडात परत शिरले,
शेवटी कासवं.
त्यानं पिशवीतून किंबाप काढला,
सुनेनं गुंडाळून दिलेला, न कापलेला,
आणि खिशातल्या सुरीनं त्याचे तुकडे केले.
कापण्याआधी सुरी नुसती वरून फिरवून पाहिली.
पहिला तुकडा ओढ्याच्या दिशेनं भिरकावला:
गोसुरे!
माझी आजी डोंगरावर जेवायला बसली की असंच ओरडायची,
भात कुणाला जातो ते मात्र तिनं कधी सांगितलं नाही.

दुसरा माझ्या हातावर ठेवला.

कठड्याजवळ पाटी आहे, मीच दर सोमवारी पुसते:
प्राण्यांना खायला घालू नये.
मी तिच्याकडे पाठ करून बसले.