उंदीर हलला की

उद्यमबागेत चौगुले फाउंड्रीच्या माळ्यावर
हुबळीहून कुणाचातरी वापरलेला मोडेम आला,
शिळ्या भाकरीएवढा, चार लाल दिवे,
त्यातला एक कायमचा विझलेला.
मालक म्हणाले, मण्णूरकर बाई,
पुण्याची ड्रॉइंगं आता ह्यातनं जायची. कुरिअर बंद.
आणि खाली भट्टीकडे गेले, जणू काम झालंच.

मॅन्युअल तैवानचं. त्यातलं इंग्रजी वाचून
मला माझ्या इंग्रजीचा धीर आला.

पहिला आठवडा तो नंबरच फिरवेना.
डायल टोन नाही, एवढंच पडद्यावर, हिरव्या अक्षरांत.
मी रिसीव्हर कानाला लावायची. टोन तर आहे की,
जाडाभरडा, मधूनच खाकरणारा,
आमच्या एक्सचेंजचा असतो तसा.
डब्याला तो ऐकू येत होता,
ओळखू येत नव्हता.

पुण्याच्या कंपनीतला मुलगा फोनवर म्हणाला,
एक्स थ्री द्या, मग तो टोनची वाट बघणार नाही.
आणि टी नको, पी. तुमच्याकडे अजून पल्स असेल.
अजून, म्हणाला.
मी म्हटलं, बरं, लावलो बघा.
लावलो? तो हसला. तुम्ही बाई ना?
होय की, म्हटलं. पुढचं सांगा.

एटी एक्स थ्री डी पी.
कट कट कट कट, आत कुणी सुपारी कातरतंय,
मग पलीकडून शिट्टी, अलीकडून किंकाळी,
भाजीबाजारातली घासाघीस नुसती:
शहाण्णवशेपासून सुरू,
चोवीसशेला सौदा.
जोडलं!
मी माउस हातात घेतला
आणि तुटलं.

मग ज्याला त्याला दोष.
लाइनमन हट्टीहोळी खांबावर चढला,
जंक्शनच्या डब्यातून मुंग्यांचं अख्खं बिऱ्हाड खाली काढलं,
सांध्याला व्हॅसलीन फासलं.
इन्न सरी आगतैत्री बाई, म्हणाला,
खरं पाऊस आला तर माझ्यावर घालू नका.
मालकांचा संशय भट्टीवर, म्हणून
दोन रसांच्या मधल्या वीस मिनिटांतच मी डायल करायची,
खाली साचे निवत असताना, घाईघाईनं,
चोरून माहेरी फोन लावल्यासारखी.
तरी तुटायचं.
माझा नवरा म्हणाला, नारळ फोड एक.
फोडला. खोबरं बरं निघालं.

शेवटी चहावाल्या मुनीरनं कप ठेवताना
माउसला कोपर लावलं.
समोर जोडलेली लाइन, दिवे लुकलुकतायत,
आणि गप्प.
मी म्हटलं, मुनीर, परत कर.
तो घाबरला. सांडलं नाही हो बाई.
परत कर रे.
तीनदा जोडलं, तीनदा कोपर, तीनदा गप्प.

वीस पानं मागे, बारीक टायपात, लिहिलं होतं सगळं:
एक आणि तीन नंबरची दारं वेगळी,
बेल एकच.
उंदीर हलला की मोडेमला वाटायचं आपल्यालाच हाक,
तो बोलता बोलता उठायचा.

कव्हर उघडलं. धूळ, लोखंडाची, काळी, आमची.
कार्डावर तांदळाएवढा जंपर,
केसातल्या पिनेनं उचलला,
शेजारच्या दोन टाचण्यांवर बसवला.
हात थरथरत होता, हे कुणाला सांगायचं नाही.

पंपाच्या बॉडीचं ड्रॉइंग, बेचाळीस केबी, तीन मिनिटं.
एकतीसवर आलं आणि खाली भट्टी पेटली,
ट्यूब मिणमिणली, लाइन गेली.
म्हणजे मालकही अगदीच चुकले नव्हते.
परत डायल. सुपारी, शिट्टी, घासाघीस.
मला वाटलं, आता पहिल्यापासून.
पडद्यावर आकडा आला: एकतीस.
तुटलं होतं तिथूनच पुढे.
बत्तीस. तेहतीस.
मी पदराचा शेवट मुठीत धरून बसले होते,
माउसपासून हातभर लांब,
आता गरज नसताना.

पाचव्या मिनिटाला फोन वाजला.
मिळालं, पुण्याचा मुलगा म्हणाला. काय केलंत काय?
जंपर हलवलो, म्हटलं, पिनेनं.
तो हसला असेल किंवा नसेल.
लाइन तेवढ्यात खाकरली.