झाकणं

माझ्या नकाशावर दोन गावं आहेत.
वरचं छापील: गोल चौक, भुयारी वाटा,
एकाच साच्यातून काढल्यासारख्या वसाहती.
खालचं मी पेन्सिलनं काढलेलं, तुटक रेषांचं:
बंद पडलेल्या कोळशाच्या खाणींची तोंडं.
त्यांना तळ आहे असं धरून चालायचं,
झाकण आहे एवढी खात्री करायची.

नोकरी म्हणून वाईट नाही.
काठी, फीत, थर्मास.
घसरगुंडीपाशी गुडघे टेकून
काँक्रीटवर टिचक्या मारतो, कान लावतो,
तेव्हा एखादी आई पोराला जवळ ओढते.

राडारोड्याच्या टेकड्यांवर बर्च उगवलेत.
लोक कुत्री फिरवतात, म्हणतात, काय निसर्ग!
दरीत सेव्हर्नवर लोखंडी पूल,
त्याच्याशी फोटो काढायला रांग.
भट्टी थंड. तिला आता पावसाचीही झळ लागू देत नाहीत.

मॅडलीच्या अलीकडं, अठ्ठेचाळीस नंबरात
हिल्डा ऑनियन्स.
बर्मिंगहॅमहून लॉरीतून आली, बावीस वर्षांची,
पाळणा, शिलाई मशीन, आणि घरात संडास!
पहिल्या रात्री सगळ्यांनी उगाच चारचारदा साखळी ओढली.
"पण गाव कुठाय?" तिनं विचारलं.
सुटातला माणूस म्हणाला, "येतंय."
अजून वाट बघतेय, म्हणते, आणि केक कापते.

इथं पाल्हाळाला म्हणतात,
रीकिनच्या डोंगराला वळसा घालणं.
हिल्डानंही घातला:
नातवाची परीक्षा, रद्द झालेली बस, गुडघा,
क्लेम, तिचा नवरा, इथलाच, खाणवाल्याचा मुलगा,
ज्यानं कॉर्पोरेशनच्या रोजावर
बापाच्याच खाणीत काँक्रीट ओतलं
आणि त्या दिवशी जेवला नाही.
"कुठली खाण?" मी विचारलं.
तिनं बोटानं दाखवली नाही.
ओट्यावरच्या बरणीतून एक गोटी काढली, हिरवी,
आणि फरशीवर ठेवली.

गोटी थांबली. मग विचार केल्यासारखी
फ्रिजकडं निघाली.

"क्लेम होता तेव्हा टेबलापाशी थांबायची,"
हिल्डा म्हणाली.
मी फीत लावली. करंगळीएवढा उतार.
नियमात बसतो, किंवा बसवता येतो.
"लिहू नकोस," ती म्हणाली,
"एकदा उठवलंय मला. त्यांनी गाव येतंय म्हटलं होतं.
आता पुन्हा कुणी 'येतंय' म्हटलं
तर मी ऐकणार नाही."

मी काय लिहिलं ते सांगत नाही.
कागदावर "निरीक्षण चालू ठेवावे" असं एक वाक्य असतं,
त्यात पुष्कळ माणसं मावतात.

दारात तिनं गोटी माझ्या खिशात टाकली.
"तुझ्या घरी बघ एकदा.
तूही इथंच राहतोस ना?"

पाच गोल चौक ओलांडून घरी आलो,
सहाव्याला उगाच दोन फेऱ्या मारल्या.
बायकोनं चहा ठेवला. कपातला चहा सपाट होता,
निदान तसा वाटला.

गोटी टेबलाच्या खणात आहे,
जुन्या किल्ल्या आणि सेलोटेपमध्ये.
तीन आठवडे झाले.
खण उघडताना ती आतल्या आत गडगडते,
आणि मी पटकन बंद करतो,
नेमकी कुठल्या बाजूला गेली
ते कळायच्या आत.