पाचव्या पायरीवर

खालच्या जबड्यातला एक दात,
डावीकडचा, अगदी मधला,
चौदा अंश वळलाय.
शेजाऱ्याच्या खांद्यावरून रस्ता बघणाऱ्या माणसासारखा.

सेन्योर बेल्मीरू, वय एकसष्ट.
कुव्हिल्यांच्या लोकर-गिरणीत रंगारी होते.
गिरणी मिटली, आता गावच्या बँडमध्ये
बॉम्बार्दिनू वाजवतात,
मांडीवर झोपलेल्या पोराएवढं जड पितळ.
तो दात आतून ओठ कापतो.
"आपलेच दात, आपलेच ओठ," म्हणाले,
आणि रुमालावरचा ठिपका उलगडून दाखवला.
छटाही स्वतःच ठरवली, रंगाऱ्याच्या नजरेनं:
"वाइन नाही. डाळिंब."

मी स्कॅनरची कांडी तोंडभर फिरवली.
पडद्यावर जबडा उगवला
जिभेविना, थुंकीविना,
कधीच काही न खाल्लेला.
सॉफ्टवेअरनं एकेक दात सुटा केला,
हिरडीला सरसकट एकच गुलाबी फासला,
आणि न दिसलेली मुळं
अंदाजानं काढून दिली.
(त्या मुळांवर माझा विश्वास नाही.
एक्स-रे शेजारी उघडा ठेवते.)

माउसनं दात धरला.
फिरवला. किंचित आत रेटला.
दोन दात एकमेकांत घुसले तिथं लाल उमटलं,
म्हणजे कड घासावी लागेल,
वहीच्या दोन पानांच्या जाडीएवढी.
मग नऊ पायऱ्या.
दर पंधरवड्याला एक साचा, नखासारखा पारदर्शक.
नवव्या पायरीवर सगळी रांग सरळ,
शाळेच्या फोटोतली, श्वास रोखलेली.

पडदा त्यांच्याकडे वळवला.
जुनी जागा राखाडी सावलीत, नवी पांढरी.
बराच वेळ बघत राहिले.
मग विचारलं,
"माझा खालचा सी-बेमोल
यातल्या कुठल्या फटीतून येतो?"

या प्रश्नाला बटण नाही.
तरी मेनू तीनदा उघडला,
उगाच, हातांना काम म्हणून.
अंतर मोजता येतं, कोन मोजता येतो,
चावल्यावर कुठं टेकतं ते निळ्या-पिवळ्या डागांत कळतं.
सदतीस वर्षं एका ओठानं
एका वाकड्या कडेशी केलेली तडजोड
कुठल्या फाइलीत साठवायची?

मी स्लायडर मागं ओढला.
आठ. सात.
दात हळूहळू परत
शेजाऱ्याच्या खांद्यावरून डोकवायला लागला.
सहा.
पाचवर थांबले. जबडा फिरवून
ओठाच्या बाजूनं पाहिलं:
कापणारी कड आत गेलेली.
वळण शिल्लक, सहा अंश.

कोपऱ्यात पिवळा त्रिकोण लुकलुकला.
"हे काय म्हणतंय?"
"म्हणतंय, अजून सरळ होईल."
"आमच्या बँडमास्तरसारखं," म्हणाले,
आणि पहिल्यांदाच दात दाखवून हसले.

अडीच महिने. पाच साचे.
मग मागच्या बाजूनं केसाएवढी तार, कायमची,
कारण दात जुन्या घरची वाट विसरत नाहीत.
शेवटच्या दिवशी त्यांनी पहिला ठसा मागून घेतला,
प्रिंटरमधून निघालेला, करडा, चौदा अंशांचा.
वाद्याच्या पेटीत ठेवला,
झडपांच्या तेलाच्या बाटलीशेजारी.
"नवा अडला तर याला विचारीन."

ऑगस्टमध्ये मिरवणूक चढावर आली.
मी खिडकीत, कान ताणून.
दाताचं काही कळलं नाही, खरंच नाही.
वळणावर सगळे थांबले,
आणि एक ठोका उशिरा
एकटाच एक पितळी सूर
भिंतींवर आपटत खाली उतरला.
मास्तरनं मान वळवून बघितलं.
शेजारीण म्हणाली,
त्यांचं नेहमी असंच असतं.