सातवी गोटी

गाव त्याला जादूघर म्हणायचं.
सदर बाजारातले जुने लोक म्हणायचे फरामोशखाना,
म्हणजे विसरण्याचं घर,
कारण आत जाऊन आलेला माणूस काही सांगत नसे.
आमच्या घरी नुसतं ‘लॉज’.
आई म्हणायची, आज दुसरा शनिवार,
तुझा बाप लॉजला उभा.

उभाच. एकोणतीस वर्षं, दाराच्या बाहेर,
हातात बोथट तलवार, डोक्याला धुतलेला पटका.
आश्रुबा खरात. धंदा गवंडीकाम.

आतले सगळे स्वतःला गवंडी म्हणवून घ्यायचे:
दाराशा जिनवाला, हमीदुद्दीन वकील,
मिशन दवाखान्यातले गोर्डे डॉक्टर,
बियाणांचे लाहोटी, पाटबंधाऱ्याचे चौसाळकर,
आणि मुळे हेडमास्तर, चिटणीस.
एकानेही कधी चुना कालवला नव्हता.
कमरेला कोकराच्या कातड्याचे पांढरे एप्रन,
टेबलावर गीता, कुराण, बायबल, अवेस्ता,
एकमेकांना न शिवता,
आणि पितळेचा गुण्या.

तो गुण्या अर्धा सूत बाहेर होता.
झाडलोट करताना बाप तो कोपऱ्याला लावून बघायचा
आणि घरी येऊन मला सांगायचा.
मलाच. आतल्या कुणाला नाही.

भिंतीवर सनद. आधी विलायतेची.
गोरे गेले, निजाम गेला, मग दिल्लीची आली.
चौकट तीच, काच बापानेच पुसलेली.
सनदीशिवाय बैठक नाही,
मागचं इतिवृत्त मंजूर झाल्याशिवाय पुढचं काम नाही,
खुर्चीवरचा माणूस दर साली बदलायचा,
विधवांच्या फंडाचा हिशेब आण्यापर्यंत.
आणि सात जणांशिवाय लॉज भरत नाही.

पोलीस ॲक्शननंतर कुणी कराचीला गेलं,
कुणी पुण्याला लेकाकडे,
कुणी कुंडलिकेच्या काठी, कायमचं.
एका पावसाळ्यात मोजले तर सहा.

दाराशांनी नाव सुचवलं, खरात.
म्हणाले, आपल्यात तोच एक खरा आहे.
सगळे हसले.
दार सागवानी असलं तरी हसू ऐकू येतं.

मतपेटी फिरली.
एक भोक, त्यात मनगटापर्यंत हात,
पांढरी टाका की काळी, आवाज सारखाच.
एक जरी काळी निघाली तर माणूस नाही.
निघाली.
चष्म्याचा घोटाळा असेल म्हणून पुन्हा फिरवली.
पुन्हा पाच पांढऱ्या.

इतिवृत्ताची वही आज माझ्यासमोर आहे.
तहसिलीत मी चौतीस वर्षं असलेच कागद वाचले,
काय लिहिलं नाही ते मला लवकर दिसतं.
‘मतपेटी निर्मळ नाही.
बैठक शांततेत व बंधुभावात बंद.’
मुळे मास्तरांचं अक्षर, ज्यांनी मला बाराखडी गिरवायला दिली.
निर्मळचा रफार जरा थरथरलाय.
किंवा वही भिजली असेल.

पुढच्या महिन्यात सनद परत गेली.
इमारतीत आता शिकवणी चालते,
पोरं बाहेर चपला काढतात.

मी बापाला एकदाच विचारलं, कुणाची होती?
तो ओळंब्याची दोरी गुंडाळत होता.
म्हणला, समदे आत गेल्यावर
भायेर कोण ऱ्हाईल?
नेमात लिवलंय, दारावर माणूस पायजे.

हे त्याला कुणी सांगितलं होतं,
की त्याने स्वतःच कुणासाठी तरी शोधून काढलं,
ते मला अजून ठरवता आलं नाही.

कुलूप लावताना त्यांनी पेटी त्याला देऊन टाकली.
पांढऱ्या गोट्या धाकट्याने गल्लीत खेळून हरवल्या,
एका उन्हाळ्यात सगळ्या.
काळी तशीच राहिली.
खेळात ती कुणी घेईना.